मेश्रामभाऊंचा मुठीएवढा दगड

आमच्या आळीत कुणाचा मिक्सर जळला की सगळ्यात आधी मेश्रामभाऊ सांत्वनाला येत. चपला दाराबाहेर काढत, टोपी हातात घेत आणि ओट्यावर पडलेल्या मिक्सरकडे बघून हळू आवाजात विचारत, "केव्हा गेला?"

"सकाळी. चटणी करता करता."

"त्रास नाही ना झाला जास्त?"

"नाही. थोडा धूर निघाला."

मग ते मान हलवत, चहा घेत आणि निघताना पिशवी उघडून म्हणत, "मंग नेऊ का वहिनी, मातीले?"

आमच्या तुमसरातल्या अशा कितीतरी मयती त्यांच्या पडवीत जाऊन पडल्या. कुलरच्या मोटरी, शिलाई मशीनचं पायडल, पोरं मोठी झाली म्हणून गंजत पडलेली सायकल. त्यातलं काहीच वाया गेलं नाही. त्या सगळ्यांचं मिळून मेश्रामभाऊंनी दगड कापायचं, घासायचं आणि चमकवायचं एक यंत्र उभं केलं. ते यंत्र आहे हे मान्य करायला मला बराच काळ लागला. बरेच दिवस मी त्याला अपघात समजत होते.

मेश्रामभाऊ काही कारागीर नव्हते. ते पोस्टात होते. आयुष्यभर त्यांनी ठप्पे मारले. गोंदिया आमच्या भंडाऱ्यातून तुटून वेगळा जिल्हा झाला त्याच सुमारास ते निवृत्त झाले, आणि दोन्ही गोष्टी आपल्याला न विचारता झाल्या अशी त्यांची तक्रार होती. यंत्राचा आणि त्यांचा संबंध एवढाच, की घरातला पंखा बंद पडला तर ते त्याच्याखाली उभे राहून त्याला नावानं हाक मारत. पण एकदा का बाहीची बटणं काढून कामाला बसले, की जगातलं कुठलंही यंत्र त्यांच्या लेखी एकाच रोगानं आजारी असे. पट्टा उडून भिंतीवर आपटला, चाक निखळून नालीत गेलं, फ्यूज जाऊन अर्धी आळी अंधारात बसली, तरी भाऊ शांतपणे म्हणत, "तत्त्व बराबर आहे. पट्टा तेवढा ढिल्ला झाला."

हा उपद्व्याप सुरू झाला शकुंतलाबाईंमुळे. शकुंतलाबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ सगळ्यात आधी परत आली, ती दवाखान्यातच. नंतर पाय आला. हात मात्र येईना. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला. हातात द्यायचा, धरायला लावायचा, सोडायला लावायचा. नाहीतर हात असाच राहील म्हणाले.

शकुंतलाबाईंनी चेंडूकडे असं पाहिलं की चेंडूलाच लाज वाटावी. "हे कुत्र्याले देतेत. मी काय तुमचा मोती आहो?"

"मंग काय देऊ हातात?" भाऊ म्हणाले.

"दगड द्या!"

आता कुणीही शहाणा नवरा यावर गप्प बसला असता. पण हा पोस्टातला माणूस. जे लिहिलं असेल ते पोचवायचं, पाठवणाऱ्याचा मूड काय होता हे बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते बावनथडीच्या पात्रातून पिशवीभर गारगोट्या घेऊन आले.

तेव्हापासून आमच्या भिंतीपलीकडे एकच प्रश्न होता. शकुंतलाबाईंच्या मुठीत बसेल असा दगड भाऊंना जमतो की नाही, आणि ती मूठ उघडते की नाही.

कापायला त्यांनी टाइल कापायचं पातं आणलं आणि कुलरच्या मोटरला लावलं. पहिल्या दिवशी ते कोरडंच चालवलं. पांढरा धुराळा उठला तो थेट आमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरड्यांवर बसला. त्या वर्षी आमच्याकडे ज्यानं ज्यानं कुरडी खाल्ली त्यानं दाताखाली बावनथडी चाखली. मी भिंतीवरून चांगली झापली, तर भाऊ म्हणाले, "तत्त्व बराबर आहे, पाणी पाहिजे." मग त्यांनी शकुंतलाबाईंची सलाइनची रिकामी बाटली धुऊन पात्यावर उलटी टांगली आणि नळीची चकती फिरवून थेंब थेंब पाणी सोडलं. आमचे हे बघायला गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "मशीन भरती आहे. पण तब्येत स्थिर आहे."

घासायला लागते एमरी, म्हणजे कुरुंदाचा खरबरीत चुरा. ती मात्र आमच्याकडे फुकटची. भातगिरणीत तांदूळ पॉलिश करणाऱ्या शंकूवर एमरीचा खरबरीत थर असतो. तो झिजला की उकरून टाकतात आणि नवा देतात. भाऊ तो उकरलेला चुरा गिरणीतून मागून आणत आणि घरातल्या चाळण्यांनी चाळत. रव्याच्या चाळणीतली जाड एमरी पहिल्या घासणीला, मैद्याच्या चाळणीतली बारीक नंतरच्या. मग रंगाच्या डब्यात ट्रॅक्टरच्या ट्यूबचं अस्तर लावून, त्यात दगड, एमरी आणि पाणी घालून तो डबा दिवसच्या दिवस गडगड फिरवत. शेवटी चमक यावी म्हणून तांदळाचा कोंडा. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झाली, की तो थांबला की आळी घड्याळाकडे न बघता म्हणे, "गेली लाइन."

तयार झालेला दगड भाऊ शकुंतलाबाईंच्या उजव्या मुठीत बोटं उकलून बसवत. त्या क्षणभर डोळे मिटत आणि निकाल देत. "जड आहे." "बोचते." "हा तर मेल्या बेडकासारखा लागते." मग डाव्या हातानं तो उपसून अंगणातल्या जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली भिरकावत.

नापास दगड आळीत वाटले जात. आमच्याकडे ते दाराला टेकण, लोणच्यावर दडपण आणि कागदांवर वजन म्हणून कामाला लागले. बातमी पसरली तसे पलीकडच्या आळीतले एक गृहस्थ शनीसाठी अंगठीतला खडा मागायला आले. भाऊ बुद्धवंदनेला न चुकता जाणारे. ते म्हणाले, "दगडानं नशीब बदलत असतं ना भाऊ, तर बावनथडीतले सारे मासे आमदार झाले असते."

मीही त्या काळात एका दगडावर डोळा ठेवून होते, हे सांगायला हवं. मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे आजच्या हिशेबानं कोवळी. महिला मंडळाची अध्यक्ष, केसांना कलप, आणि आपल्याला कळत नाही असं जगात काही उरलेलं नाही असा चेहरा. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पदराआड हसेन. माझी खात्री होती की भाऊ मला एक लॉकेट करून देणार. त्यांच्या अंगणात गेले की मी मान उगाच लांब करून उभी राहायची. भाऊंनी एकदा विचारलंच, "मान अवघडली का वहिनी?"

लॉकेट राहिलं. पण त्यांना माझा पाटा दिसला. मसाला वाटायचा, माझ्या सासूच्या हातचा. "किती खरबरीत ठेवला हो वहिनी," म्हणाले. "द्या इकडं."

आणि मी दिला! तीस वर्षं ज्या पाट्यावर वाटण वाटलं, त्याला टाकी का लावतात, खड्डे का पाडतात, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण चमकेल म्हणाले ना. पाटा परत आला तो आरसा होऊन. मी त्यात माझा कलप बघितला, आळीतल्या बायांना बोलावून दाखवला. संध्याकाळी त्यावर मिरच्या-लसूण ठेवून वरवंटा फिरवला, तर लसूण उडून यांच्या चष्म्यावर आणि मिरच्या सरळ मोरीत. वाटण म्हणून काही झालंच नाही. नुसता पाठशिवणीचा खेळ. टाकी लावणारी बाई आली, तिनं पाट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "बाई, ह्याच्यावर झोपता का तुम्ही?"

भाऊंना मात्र या प्रकारातून मोठा साक्षात्कार झाला. "म्हणूनच माहे दगड तिच्या हातातून सटकतेत! तत्त्व बराबर आहे, चमक जास्त झाली." तेव्हापासून त्यांनी दगड कोंड्यापर्यंत न नेता थोडे खरबरीतच ठेवायला सुरुवात केली.

पण दगड फेकले जायचे ते जायचेच. वर्ष होत आलं. एका दुपारी भाऊ गिरणीत गेलेले, डबा बंद, आणि मी शकुंतलाबाईंजवळ बसलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, "शकुंतलाबाई, एवढं काय खोट काढता हो? एकही जमला नाही त्यांना?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग उशीखाली हात घालून एक दगड काढला. तांबूस, लांबट, अंड्यापेक्षा थोडा मोठा. त्यांच्या मुठीत तो असा बसला की जणू मूठ त्याच्याभोवतीच वळली होती.

"हा जमला. दिवाळीच्या आधीच. हरवला म्हणून सांगतलं त्याले."

"मंग बाकीचे फेकता कायले?"

"तुले नाही समजत वो निर्मले? जमला म्हटलं का तो मशीन बंद करन. अन् मंग खुर्ची घेऊन माह्या तोंडाकडं पाहत बसन, पयल्या महिन्यात बसला होता तसा. बोलत नाही, काही नाही. नुसता पाहते. तो तसा बसला का मले वाटे, मी मेली अन् मलेच कोणी सांगतलं नाही." दगड परत उशीखाली गेला. "मशीन चालू असलं का घरात माणूस असल्यासारखं वाटते. तू नको सांगू हो त्याले. तुह्या पोटात काही राहत नाही."

हे खरं होतं. मी उठले ती सांगायलाच. भाऊ नुकतेच आले होते आणि पडवीत बसून एक नवा दगड ओल्या फडक्यानं पुसत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो माझ्या हातात दिला. सगळीकडून गोल, आणि एका बाजूला चांगला टोचणारा कोपरा.

"भाऊ, इथं कोपरा राहिला."

"राहिला नाही. ठेवला."

"ठेवला? बोचेल ना त्यांना!"

"बोचला तरच फेकन." त्यांनी आवाज उतरवला. "एक जमला होता, वहिनी. उशीखाली आहे. रोज चादर मीच झटकतो ना. पण जमलेला दगड ती धरून बसते. सोडत नाही. अन् डॉक्टर म्हणत होते, धरणं सोपं आहे, तिले सोडणं येऊ द्या. पयले डाव्या हातानं काढून फेके. तुम्ही पाह्यलं नाही? संक्रांतीपासून उजव्यानंच फेकून राहिली."

मी पाहिलं नव्हतं. रोज भिंतीवरून डोकावत होते, दगड कुठे पडतो हे बघत होते. हात बघायची अक्कल त्या कलप लावलेल्या डोक्यात नव्हती.

"तिले सांगू नका," भाऊ म्हणाले. "हात सुधरला म्हणून समजलं तर फेकणं सोडन. जिद्दी आहे."

मी गुपचूप घरी आले. दोघांचीही गुपितं माझ्या पोटात, आणि पोट माझं असं. यांनी विचारलं, "जेवली नाही का?" मी म्हटलं, "पोट भरलं."

तो कोपऱ्याचा दगड त्याच आठवड्यात तयार झाला असावा. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. पलीकडून शकुंतलाबाईंचा आवाज आला, "हा तर काट्यावानी बोचते हो!" आणि काहीतरी भिंतीवरून येऊन माझ्या मोगऱ्याच्या कुंडीवर आदळलं. कुंडीचे तुकडे झाले. आजवर त्यांचा एकही दगड त्यांच्या जामाच्या झाडापुढे गेला नव्हता.

भिंतीवर भाऊंचं डोकं उगवलं. त्यांनी कुंडी बघितली, दगड बघितला, मग जामाचं झाड आणि भिंत यांच्यामधलं अंतर बघितलं.

"शकुंतलाबाई!" मी ओरडले. "माही कुंडी फोडली तुम्ही!"

"मंग त्याले बोल!" आतून खणखणीत उत्तर आलं. "एक दगड धड घासता येत नाही त्याले!"

भाऊंचे डोळे भरून वाहायला लागले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "ऐकलं ना वहिनी?" पोरगी बोर्डात आल्याची बातमी द्यावी तसे ते म्हणाले. "मले अजून जमत नाही." आणि घाईघाईनं मोटर सुरू करायला गेले.