मुका बूट

जोतीतात्या पवार बूट पायात घालून बघत नसत, कानाने बघत. सांगलीच्या दुकानात त्यांनी पांढऱ्या कॅनव्हासचा एक बूट उचलला, फरशीवर आपटला, मान तिरकी करून ऐकलं आणि दुकानदाराला म्हणाले, "ह्यो मुका हाय. दुसरा दावा."

दुसराही मुका निघाला. तिसरा आपटल्यावर जरासा वाजला, पण तात्यांचं समाधान झालं नाही. "ह्यो बोबडा हाय."

"पावनं, पळायचंय का बूट वाजवायचाय?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्ही," तात्या म्हणाले.

मी शेजारी उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो, म्हणजे आम्ही दोघं एकत्र आलो आहोत हे कुणाला कळू नये. असं मी पुष्कळदा केलं आहे.

कुंडलच्या हायस्कुलात मी तेव्हा इतिहास शिकवायचो. मूळचा साताऱ्याचा, इथे तात्यांच्या शेजारी भाड्याने राहायचो. दर हिवाळ्यात कुंडलहून सांगलीपर्यंत लांब पल्ल्याची शर्यत व्हायची. पळणारी पोरं बहुतेक सैन्यात जाण्याच्या बेतातली, ओठावर नुकतं मिसरूड फुटलेली. त्या साली पन्नाशीच्या तात्यांनी नाव दिलं. उसाला पाणी पाजताना बांधावरून चालायचे तेवढाच त्यांचा सराव.

मी पळायला लागलो त्याचं कारण वेगळं होतं. माझे वडील पंचेचाळिशीत बसल्या जागी गेले, आणि मला नुकतंच पंचेचाळिसावं लागलं होतं. डाव्या कुशीवर झोपलो की छातीतले ठोके उशीत ऐकू यायचे आणि एखादा चुकतोय का हे ऐकत मी पडून राहायचो. डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं आहे, सकाळी जरा पळत जा." एकट्याने पळताना कोसळलो तर कुणाला कळणारही नाही, म्हणून मी तात्यांची सोबत धरली. नाव शर्यतीत दिलं नाही.

दुकानातून आम्ही शेवटी दोन मुके जोड घेतले. माझा मी तसाच वापरू लागलो. तात्या आपला जोड घेऊन गावात वहाणा शिवणाऱ्या बापूंकडे गेले. आमच्या भागात करकरत नाही तिला कुणी वहाण म्हणत नाही. माणूस वळणावर दिसायच्या आधी त्याची वहाण ऐकू येते. तशी करकर तात्यांना त्या बुटात हवी होती.

बापू म्हणाले, "तात्या, चामडं बोलतं. कापड कसं बोलंल?"

"मग नाल ठोक."

रबरात ठोकलेले नाल पहिल्याच दिवशी रस्त्यात गळून पडले. तात्यांनी ते बूट कोनाड्यात ठेवले आणि एका पेन्शनर हवालदाराचे नाल मारलेले जुने फौजी बूट आणले. त्यावर खाकी अर्धी चड्डी, चड्डीला शिंप्याकडून शिवून घेतलेला खास खिसा, ऊन बाधू नये म्हणून कांदा ठेवायला, वर गंजीफ्राक, आणि कमरेला बैलाची घुंगुरमाळ.

"हिचं काय काम?" मी विचारलं.

"पळत्या माणसाचा ठावठिकाणा लागला पायजे, मास्तर."

पहाटे सायकलवाले मागून बैलगाडी आली म्हणून बाजूला उतरून उभे राहायचे, आणि अंधारातून तात्या यायचे. गोठ्यातले बैल माना वर करायचे. कुणी म्हणायचं, "तात्या, गाडी कुठं सोडलीसा?" तात्या म्हणायचे, "मागनं येतीया." शिक्षकांच्या खोलीत मी त्यांची नक्कल करायचो आणि सगळे पोट धरून हसायचे.

पण तात्यांची खरी गंमत ओढ्याच्या पुलावर होती. गावापासून पुलापर्यंत यायचं, कठड्याला हात लावायचा आणि माघारी फिरायचं. परत पूल, परत गाव. पलीकडे एक पाऊल नाही.

"तात्या, शर्यत सांगलीला संपते. पुलापलीकडे जायला नको का?"

"पल्याड ऊस दाट हाय."

"अलीकडेही दाटच आहे."

"अल्याडचा वळखीचा हाय."

तात्या भित्रे आहेत असं गावाने ठरवून टाकलं. मला त्यातून धीर यायचा. माझ्याहून भ्यालेला माणूस शेजारी पळतोय, तोवर आपलं बरं आहे असं वाटायचं.

एका पहाटे धुकं इतकं होतं की मला माझेच बूट दिसत नव्हते. पुलापाशी आलो आणि माळेचा दोरा तुटला. घुंगरं रस्त्यावर उडाली, एक-दोन ओढ्यात पडली, आणि एकदम सगळं गप्प झालं. उसात काहीतरी सळसळलं. तात्यांनी कठड्याला हातही लावला नाही. गावाकडे तोंड केलं आणि असे धावत सुटले की नालांच्या ठिणग्या दिसल्या.

त्यांना उसात काहीतरी दिसलं, या खात्रीने मी मागे धावलो. डुक्कर असेल, वाघरू असेल. छाती भात्यासारखी हलायला लागली. वडिलांना शेवटी असंच वाटलं असेल, हे मनात आलं आणि मी आणखी जोरात पळालो.

अर्ध्या वाटेत कंदील दिसला. तात्यांच्या पत्नी, हौसावहिनी, अनवाणी रस्त्याच्या मध्ये उभ्या होत्या. कंदिलाचा उजेड उसावर नाचत होता.

"आवाज थांबला," त्या म्हणाल्या.

"माळ तुटली गं. मी हाय न्हवं. बग, मास्तर बी हायती."

वहिनींनी त्यांच्या दंडाला हात लावून बघितला आणि घराकडे वळल्या.

मागून आम्ही त्यांच्या घराच्या पायरीवर येऊन बसलो. तात्या बुटांचे बंद सोडत बोलू लागले.

"आमच्या संपतला कॅनव्हासचं बूट मीच आणलं हुतं. सांगलीच्या शर्यतीची तयारी करतोय म्हणायचा. रोज पहाटं पळाय जायाचा. एक दिवस गेला तो थेट भरतीलाच. एकुलता एक, इचारलं असतं तर आमी सोडलं नसतं. हिला पावलं वाजल्याली कळली न्हाईत. जागी झाली तवा अंथरूण गार."

पुढचं गावाला ठाऊक होतं, मलाही. लढाई झाली आणि संपत परत आला नाही.

"तवापासनं कोन गपचिप भाईर पडलं की हिचं हातपाय गळत्यात. घुंगराचा आवाज पुलापातूर घरात येतो. पल्याडचा येत न्हाई."

"मग तात्या, शर्यतीत नाव कशाला दिलंत?"

त्यांनी दुसऱ्या बुटाचा बंद सोडला. "पोरगं आपल्याशी खोटं बोललं, ह्ये हिच्या मनातनं जात न्हाई. आमच्या घरातनं कोन तरी त्या शर्यतीत पळालं, तर त्याचं बोलनं तेवढं तरी खरं व्हईल." त्यांनी बूट काढून पायरीवर ठेवले. "पर ती पुलापल्याड सोडंल का, तेवढं बगायचं."

शर्यतीच्या दिवशी उजाडायच्या आधी मी त्यांच्या दारात गेलो. तात्या नालाचे बूट घालून, नव्या दोऱ्यात ओवलेली माळ कमरेला बांधून उभे होते. वहिनी आतून आल्या. हातात कोनाड्यातला कॅनव्हासचा जोड होता, खडू लावून पांढराशुभ्र केलेला.

"ह्ये घाला. त्या बुटानं पाय सोलत्याल."

"मुकं हायती गं."

"असूंद्यात," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या कमरेची माळ सोडली. "आज मी जागी हाय."

शर्यत शाळेच्या पटांगणातून सुटून तात्यांच्या घरावरूनच जायची. पोरं केव्हाच पुढे गेली. शेवटी आम्ही दोघं; पुलापर्यंत सोबत करायची असं मी ठरवलं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या. आम्ही पुढे गेलो आणि मागून घुंगरं वाजायला लागली. मी वळून पाहिलं. वहिनी दोन्ही हातांनी माळ हलवत होत्या.

आमच्या चारी पायांचा काही आवाज नव्हता, फक्त मागून ती माळ. पूल आला. तात्यांचा हात सवयीने कठड्याकडे गेला आणि तसाच पुढे निघाला. मीही थांबलो नाही, का ते मला अजून सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी ऊस जवळ आला, आणि बघता बघता मागचा आवाज बारीक होत नाहीसा झाला.

जरा पुढे गेल्यावर तात्यांनी समोर बघतच विचारलं, "मास्तर, येतंय का वो ऐकू?"

"येतंय," मी म्हणालो.