खुर्ची, फोटोत दाखवल्याप्रमाणे

जगात अशी एकही वस्तू नाही, जिचं गिऱ्हाईक कुठे ना कुठे वाट बघत बसलेलं नाही. ऑनलाइन लिलाव ही थोर संस्था याच श्रद्धेवर उभी आहे. (मी तिचा थोडा अभ्यास केला. निष्कर्ष चुकीचे असू शकतात.) तिथे समुद्रावरची हवा बाटलीत मिळते, 'फक्त एकदाच उघडलेली'. एक डावा मोजा आहे. उजवा शिल्लक असलेल्यांना प्राधान्य. एका जावयाने सासूबाईंचं तैलचित्र विकायला ठेवलं आहे: 'कुठेही टांगा, नजर तुमच्यावरच.' विक्रेत्यांपैकी ऐंशी टक्के प्रामाणिक असतात. उरलेल्यांना चांगला भाव येतो. (ही टक्केवारी माझीच, म्हणजे अंदाजच.)

आमच्या घरातून या संस्थेत माझी खिडकीजवळची खुर्ची गेली. मला निवांत वाचता येईल अशी घरात ती एकच जागा. पण केर काढताना दरवेळी मला उठवावं लागतं, असा हिचा आक्षेप होता, आणि तो रास्तच होता. मुलगी फोटो काढायला आली तेव्हा मी उठू लागलो, तर म्हणाली, "बाबा, हलू नका, उजेड छान आहे." मी हललो नाही. हलावं की नाही, हे मला एरवीही पटकन ठरवता येत नाही.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, फोटोतलं सगळं मिळणार का? हिला वाटलं, उशीबद्दल विचारतायत. 'हो' म्हणून कळवून मोकळी झाली. संस्थेत दिलेला शब्द मागे घेता येत नाही. मग चौकश्या सुरू झाल्या. बोलतो का? विचारल्याशिवाय नाही, असं हिने खरं तेच कळवलं. बोली चढली. खायला काय लागतं? मऊ काहीही. बोली आणखी चढली. (मला संकोच वाटला. थोडा आनंदही झाला, पण तो दाखवला नाही.)

लिलाव एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जिंकला. बाहेर बसलेले पेशंट आतला आवाज ऐकून पळून जातात; कोपऱ्यात कोणी शांतपणे वाचत बसलेलं दिसलं तर टिकतील, असं त्यांचं म्हणणं. मी हिच्याकडे पाहिलं.

"जा की," ही म्हणाली. "तिथे तरी केर काढायला कोणी उठवणार नाही. आणि जेवायला घरीच या. तेवढं काही मी विकलेलं नाही."

तेव्हापासून मी रोज तिथे वाचत असतो. पळणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं आहे. कधी तुम्ही गाल धरून तिथे आलात आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याची शांत मुद्रा बघून तुम्हाला धीर आला, तर खुशाल येऊ द्या. मीही पुस्तकातून मान वर करून तुमच्याकडे बघून हसेन. तोंड मिटून. आत माझा स्वतःचा एकही दात नाही, आणि ते पेशंटला दिसू नये, एवढीच बाईंची अट आहे.