रविवारी मठ, डबा आणावा

सूचना कशी लिहावी, हे मला कोणी शिकवू नये! तंत्रनिकेतनात आमच्यावर एकच संस्कार झाला : अनावश्यक शब्द म्हणजे अनावश्यक स्क्रू. म्हणून १९८९च्या डिसेंबरात गुजरातच्या सीमेवरच्या टोकरखाड्यातील आमच्या वसाहतीच्या फळ्यावर मी बसची वेळ लिहून खाली मोजून पाच शब्द लिहिले : 'रविवारी मठ. प्रत्येकाने डबा आणावा.'

ही सहल यशस्वी होणे अत्यावश्यक होते. आमच्या मुलीला, मंजुषेला, पाहायला मुलाचे वडील रमाकांतराव डहाणूहून आले होते. होकार अजून यायचा होता आणि तो मी माझ्या नियोजनाने खेचून आणणार होतो!

सहाच्या ठोक्याला बस भरली. एरवी सत्यनारायणालाही न फिरकणारे चाळीस गुजराती शेजारी पाच-पाच किलोचे डबे घेऊन हजर! मी भारावलो.

"मंडळींची भूक दांडगी दिसते," रमाकांतराव पुटपुटले.

शेजारच्या लीलाबेननी विचारले, "साहेब, मठ आखा छे ने?"

"नाही. दक्षिणेकडचा भाग ढासळला आहे," मी प्रामाणिकपणे सांगितले.

खानवेलपलीकडचा डोंगर चढलो. नैसर्गिक गुहांना दगडी भिंती घालून साधूंनी उभारलेला मठ दिसताच मी छत्री उगारली. "हा मठ सातशे वर्षांचा!"

"सातसो वरस?" लीलाबेन किंचाळल्या. "एमां तो जीवडां पडी गयां हशे!"

"किडे नाहीत. वटवाघळे आहेत."

"हाय हाय! मठमां?"

आमच्या सौभाग्यवती वासंतीने माझी बाही ओढली. "अहो, गुजरातीत मठ म्हणजे मटकी! तुम्ही स्वस्तात मटकी वाटणार, म्हणून आलीत ही सगळी!"

डबे उघडले. चाळीसही डबे घासूनपुसून लख्ख आणि रिकामे! आमच्या डब्यात सोळा पुऱ्या. मी तत्काळ हिशेब केला : शेजाऱ्यांना प्रत्येकी दोन पंचमांश पुरी, आपण उपाशी.

"कंपास आणलाय का कापायला?" वासंतीने विचारले.

अखेर मठाची झाडलोट करणाऱ्या चिमाबाईंना दया आली. त्यांनी भलेमोठे पातेले चुलीवर चढवले. तासाभराने झाकण उघडले, तर आत मटकीची उसळ!

"मठमां मठ मळ्या!" लीलाबेननी टाळ्या पिटल्या.

रमाकांतरावांनी बोटे चाटून घोषणा केली, "स्थळ पसंत आहे!"

मी छाती फुगवली.

"एकच अट."

माझी छाती जागच्या जागी बसली.

"लग्नपत्रिकेचा मजकूर विहीणबाई लिहितील."

पत्रिका चार पानी झाली. मला फक्त स्वल्पविराम तपासू दिले.