अर्धा बटाटा विहीणबाईंना

चावीवाल्यांची लेक हृदयाची डॉक्टर झाली आणि तिने उपाशी ठेवायला निवडला तो जन्मदाता बापच.

तिचा अभ्यास तसा नामी होता. कमी खाल्लं की माणसाचं हृदय शांतपणे चालायला लागतं म्हणतात. पण हे सगळ्या वंशांच्या माणसांत सारखंच होतं, की कुणात जास्त, कुणात कमी? त्यासाठी दोन वंशांचे दोन गट करायचे, त्यांना मोजून कमी खायला घालायचं आणि हृदयाचे आलेख काढायचे. दोन्ही गटांत एकेक माणूस कमी पडत होतं. लेकीने घरातच नजर टाकली. एका वंशाचे बाबा, दुसऱ्या वंशाच्या सासूबाई, दोघंही आयते हाताशी. परक्यांत लग्न केल्याचा असाही फायदा असतो.

"बाबा, किती वर्षांचं काम आहे हे. आपलाच डबा खायचा, दुसरं काही नाही. नाहीतर सगळं पाण्यात जाईल."

"अगं, कुलपांत जन्म गेला माझा. तोंडाला कुलूप लावायला कितीसा वेळ लागतो?"

दवाखान्यातून रोज सकाळी दोन सीलबंद डबे येऊ लागले. लेक-जावई कामावर गेले की दुपारी दोघंच समोरासमोर जेवायला बसायची. पहिल्याच दिवशी चावीवाल्यांचा घास हातातच राहिला. त्यांच्या डब्यात अख्खा उकडलेला बटाटा होता आणि विहीणबाईंच्या डब्यात अर्धा.

विहीणबाई चणीने लहान, म्हणून त्यांचा डबा लहान, हे लेकीने समजावून सांगितलं होतं. पण शास्त्र डोक्यात शिरलं तरी मुलीच्या बापाच्या गळी उतरत नाही. मुलीकडच्याने पोटभर खायचं आणि मुलाच्या आईने अर्ध्यावर उठायचं? लोक काय म्हणतील? घरात तिसरं माणूस नव्हतं, तरी चावीवाल्यांना लोकांची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे दारातून आत आणता आणता त्यांनी एका बारीक तारेने दोन्ही सीलं उघडली. तो त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता. अर्धा बटाटा विहीणबाईंच्या डब्यात गेला आणि सीलं पुन्हा जशीच्या तशी बसली.

लग्नापासून विहीणबाई त्यांच्याशी "हो", "नाही" आणि "बरं" यापलीकडे फारसं बोलल्या नव्हत्या. त्या दुपारी डबा संपवून त्या म्हणाल्या, "आज जेवण चांगलं होतं."

चावीवाले दिवसभर हवेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंडंही दिलं. मग पाव दिला.

हळूहळू त्यांच्या पोटात कावळे कायमचे मुक्कामाला आले. पट्ट्याला नवी भोकं पडली. इकडे विहीणबाईंच्या गालांवर तकाकी चढली. आलेख मात्र बघण्यासारखे आले. चावीवाल्यांचं हृदय संथ, समाधानी. विहीणबाईंचं जिथल्या तिथे. लेकीच्या वरचे मोठे डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"एकच घर, एकच हवा आणि एवढा फरक! वंशाचाच परिणाम! यांच्या लोकांना उपास फार मानवतो. यांचा डबा आणखी लहान करा!"

डबा आणखी लहान झाला. त्यातलंही अर्धं विहीणबाईंना जातच राहिलं, कारण आता एकदम बंद केलं तर त्यांना कळलं असतं. चावीवाले भिंत धरून चालू लागले. लेकीला सांगावं असं रोज वाटायचं. पण विहीणबाईंपुढे चोर ठरायचं? त्यापेक्षा भिंत बरी.

पुढच्या तपासणीला मोठे डॉक्टर हात चोळतच आले. "हा अभ्यास छापायला देऊ या. मग यांच्या वंशाच्या सगळ्या हृदयरोग्यांना अर्ध्या जेवणावर आणता येईल!"

चावीवाल्यांना डोळ्यांपुढे आपल्या जातकुळीचे तमाम म्हातारे भिंती धरून चालताना दिसले. शिवाय खाली लेकीचं नाव छापलेलं. ते उठले, गरगरलं म्हणून परत बसले आणि बसूनच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वंशबिंश काही नाही. माझं जेवण या विहीणबाईंच्या पोटात आहे."

लेकीच्या हातातला आलेख खाली पडला. "बाबा! का पण?"

"अगं, त्यांचा डबा लहान होता."

विहीणबाईंकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दवाखान्यातला बटाटा सुरीने कापलेला असतो. हा हाताने मोडलेला होता."

"आई, मग तुम्ही खाल्लंत कशाला?" लेक रडकुंडीला आली होती.

"सांगणारच होते, सूनबाई. पण मी खायला लागले की हे समोर बसून असे बघायचे... तुझी आई गेल्यापासून यांनी कुणाला वाढलं नव्हतं गं. भूक नसायची मला. आणि उकडलेला बटाटा तर मला मुळीच आवडत नाही."

लेकीने दोघांना अभ्यासातून काढून टाकलं. उरलेल्यांचे आलेख नव्याने मांडले, तर दोन्ही वंशांची हृदयं जवळजवळ सारखीच निघाली. मोठे डॉक्टर रुसले. लेकीचा मात्र जीव भांड्यात पडला. खोटं छापलं गेलं असतं तर तिला कुठे तोंड दाखवायला जागा उरली नसती. चिडून दोन दिवस बापाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी जाताना त्याच्या पट्ट्याची भोकं मोजून गळ्यात पडली.

त्या दुपारी विहीणबाईंनी स्वतः रांधलं. चावीवाल्यांपुढे ताट ठेवलं, हनुवटीला हात लावून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही जेवा. मी बघते."

ते जेवले. ताट दुसऱ्यांदा भरलं, तेही संपलं. पट्टा कधी नव्हे तो काचू लागला. पोट गच्च भरलं होतं. विहीणबाई अजून तशाच बघत होत्या, हातातला वाढायचा डाव तयार धरून.

चावीवाल्यांनी ताट पुढे केलं. "विहीणबाई, आणखी थोडं वाढता का?"