आत्माराम परुळेकर डिपॉझिट आणायला जातात

आत्माराम परुळेकर एकतीस वर्षं एका पतपेढीच्या वसुली खात्यात होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण चालण्यातली वसुली गेली नव्हती. भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागतानासुद्धा ते अशा नजरेने बघत, की तो एक जुडी जास्तच द्यायचा.

त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ते सुनंदाबाईंना म्हणाले, "तू वरणाचा कुकर लाव. तीन शिट्ट्या व्हायच्या आत पन्नास हजार घेऊन येतो."

"विरारहून भुईगावला जाऊन यायला डाळ नाही, दगड शिजवावे लागतील," सुनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कुकर लावला नाही.

पन्नास हजार म्हणजे भुईगावच्या दोन खोल्यांचं डिपॉझिट. सुनंदाबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते, आणि विरारची भाड्याची जागा चौथ्या मजल्यावर होती. गणपतीपासून लिफ्ट बंद. आठ महिन्यांत त्या तीनदा खाली उतरल्या होत्या आणि तिन्ही वेळा डॉक्टरकडेच गेल्या होत्या. आता मालकाने जागा विकली होती, एकतीस मेला खाली करून द्यायची होती. म्हणून मार्चमध्ये आत्मारामांनी भुईगावला अँथनी डाबरे यांच्या घराशेजारच्या, नव्याने बांधून होत आलेल्या दोन तळमजल्यावरच्या खोल्या ठरवल्या. त्या दिवशी तिथे काय काम चाललं होतं! पास्कल सुतार दाराच्या फळ्या रंधत होता, एकजण लाद्या बसवत होता, तिसरा पाइपाला आटे पाडत होता. एक मेला चावी हातात, असं अँथनींनी सांगितलं. एवढी माणसं घाम गाळताना पाहून आत्मारामांनी तिथल्या तिथे पैसे दिले.

एक मे उलटला. चावी सोडा, अजून कुलूप लावायला दारच नाही, असं फोनवर कळलं. तेवढ्यात विरारच्याच एका एजंटने पिठाच्या गिरणीला लागून एक तळमजला दाखवला. गिरणी सुरू झाली की भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यात जायचं, पण पायऱ्या नव्हत्या. वीस तारखेच्या आत पन्नास हजार आणा, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे, असं एजंट म्हणाला. परुळेकरांच्या हाताशी पन्नास हजार एकदाच होते, आणि ते अँथनींकडे होते.

आत्माराम काखेत फाइल मारून भुईगावात उतरले. वाडीतून आत शिरले तर खोल्या मार्चमध्ये होत्या तशाच होत्या, फक्त माणसं नव्हती. लाद्यांची खोकी भिंतीला टेकून बसली होती. बाहेरच्या खोलीच्या मधोमध प्लास्टिकात गुंडाळलेला कमोड मुंडावळ्या बांधायच्या राहिलेल्या नवरदेवासारखा वाट बघत होता.

अँथनी सत्तरीचे, हसतमुख, डोक्याला पंचा गुंडाळलेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कमोडवरची धूळ पंच्याने झटकली.

"बसा साहेब. कोरा आहे."

वसुलीचा पहिला नियम म्हणजे समोरच्याच्या घरी बसायचं नाही. पण बसच्या धक्क्यांनी कंबर बोलत होती. आत्माराम बसले, फाइल उघडली आणि खर्जातल्या आवाजात म्हणाले, "अँथनीभाऊ, माझं डिपॉझिट कुठं आहे?"

"तुम्ही त्याच्यावरच बसलाय," अँथनी म्हणाले.

मग त्यांनी सगळं डिपॉझिट फिरवून दाखवलं. हे कमोडात, हे लाद्यांत, हे चौकटींच्या लाकडात. यातलं जे हवं ते आत्ता उचलून न्या, टेम्पो बोलावतो, असंही मनापासून सांगितलं. कामगार कुठे गेले, असं विचारल्यावर मात्र त्यांना आश्चर्य वाटलं.

"लग्नं सुरू झाली ना. तुम्ही उपवासाच्या दिवसांत आला होता. तेव्हा चर्चमध्ये लग्नं नसतात, पास्कल मोकळाच असतो."

"त्याचा लग्नाशी काय संबंध?"

"तो ट्रंपेट वाजवतो."

लाद्यावाला ढोल वाजवायचा, प्लंबर सॅक्सोफोन. ईस्टरपर्यंत अख्खा बँड रंधा, थापी आणि पाना घेऊन गावभर काम करायचा. ईस्टर झाला की लाल कोट घालून पावसापर्यंत गायब. गावातलं शेंबडं पोरही हे जाणून होतं. एकतीस वर्षं माणसं ओळखण्यात घालवलेल्या आत्मारामांनी मात्र सुताराला ईस्टरनंतर काय करतोस, एवढं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ते घरी पोचले. सुनंदाबाईंनी विचारलं, किती दिले.

"दीड डझन," आत्माराम म्हणाले आणि वेलची केळ्यांचा घड टेबलावर ठेवला.

दोन दिवसांनी ते पुन्हा गेले. या वेळी अँथनींच्या बायकोने, क्लेमेंटीनबाईंनी, मध्ये पडून तोड काढली. आमच्याकडे रोकड नाही, नवा भाडेकरू आला की त्याचं डिपॉझिट सरळ तुम्हाला. तुम्ही बोलण्यात हुशार, तुम्हीच एक बघा. आत्माराम फणसाच्या भाजीचा डबा घेऊन परतले, आणि बसमध्ये अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं, की आपण स्वतःचे पैसे वसूल करायला दुसऱ्याला गळाला लावायचं कबूल करून आलो आहोत.

पण दारं नसलेल्या घराला भाडेकरू कुठून मिळणार? म्हणजे आधी पास्कल पाहिजे. आत्माराम शनिवारी एका लग्नाला जाऊन धडकले. वरातीत पास्कलच्या शेजारून चालत, दोन गाण्यांच्या मध्ये त्यांनी बोलणी केली. पास्कल एक वाक्य बोलायचा, मग गाल फुगवून तीन मिनिटं वाजवायचा. या वेगाने बोलणी दाराच्या बिजागरीपर्यंत पोचेपर्यंत वरात चर्चच्या दारात आली. नवरानवरी आत गेली, बँड बाहेर चिंचेखाली बसला, आणि कोणी विडी, कोणी मोबाइल काढला.

"आता काय?" आत्मारामांनी विचारलं.

"आता मिस्सा, लग्नाची प्रार्थना. सव्वा तास आम्ही बसून."

वसुली खात्यातल्या माणसाचे डोळे चमकले. सव्वा तास! रोज एक लग्न!

दुसऱ्या दिवसापासून भुईगावात एक नवीनच दृश्य दिसू लागलं. आत मिस्सा सुरू झाली, की बाहेर एक रिक्षा लागायची. सोनेरी झालरीचे लाल कोट आणि कपाळावर तुरेवाल्या टोप्या घातलेली तीन माणसं तिच्यात कोंबली जायची. पुढे ड्रायव्हरशेजारी आत्माराम घड्याळ बघत. पाच मिनिटांत खोल्यांवर. कोट काढून ठेवायला वेळ नसे. पास्कल सेनापतीच्या थाटात रंधा मारायचा, प्लंबर झालर सांभाळत मोरीत आडवा व्हायचा, आणि आत्माराम दर दहा मिनिटांनी, आता प्रवचन संपलं असेल, आता अंगठ्या झाल्या असतील, असं ओरडत फिरायचे. ख्रिस्ती लग्नाचा विधी त्यांना आठवड्याभरात पास्कलपेक्षा पाठ झाला.

फक्त एकदा चुकलं. शुक्रवारच्या पाद्रीबाबांनी प्रवचन आटोपशीर घेतलं. रिक्षा पोचली तेव्हा नवरानवरी पायऱ्यांवर उभी होती, हातात फुलं, आणि पुढे शुकशुकाट. बँड पळत जागेवर गेला. पास्कलने ट्रंपेट ओठाला लावून जोरात फुंकली. सूर आलाच नाही. सागवानाचा भुसा मात्र नवरीच्या काकाच्या नव्या सुटावर पसरला. लाद्यावाल्याच्या दोन्ही हातांवर सिमेंट सुकलं होतं, त्याच्या बोटांना टिपरी धरवेना. कोकणात शिमग्याला वाजवलाय, असं पुटपुटत आत्मारामांनी ढोल गळ्यात अडकवला. वरात त्या दिवशी शिमग्याच्या पालखीसारखी नाचत गेली. म्हातारे सोडाच, नवरीसुद्धा नाचली. काकांनी शेवटी कोट झटकला आणि बँडच्या मालकाला विचारलं, हा चष्मेवाला नवीन आहे का, चांगला वाजवतो.

सुनंदाबाईंनी त्या संध्याकाळी नवऱ्याच्या केसांतून भुसा आणि कागदाची फुलं काढली आणि काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगणं अवघड होतं.

शनिवारी घर तयार झालं. दारं लागली, नळाला पाणी आलं, कमोड मोरीत रुजू झाला. दुपारी संकेत नावाचा आयटीतला मुलगा बायकोबरोबर जागा बघायला आला, आणि आत्माराम बोलू लागले. वाऱ्याबद्दल बोलले, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलले, मागच्या दारी बसून दिसणाऱ्या केळीच्या वाडीबद्दल तर असं बोलले, की अँथनी उठून मागे जाऊन बघून आले. डिपॉझिट किती, असं संकेतने विचारलं तेव्हा आत्मारामांच्या अंगात एकतीस वर्षं एकदम संचारली.

"पंच्याहत्तर," ते म्हणाले. "आणि आज."

संकेतने आजच भरले, फोनवरून. अँथनींनी त्यातले पन्नास लगेच आत्मारामांना परत पाठवले आणि उरलेले पंचवीस पास्कलच्या मजुरीला दिले. वसुली पूर्ण! सोमवारी एजंटला पैसे द्यायचे ठरले. आत्माराम घरी आले तेव्हा ते चार मजले मध्ये न थांबता चढले, आणि त्यानंतर पंधरा मिनिटं त्यांना बोलता आलं नाही.

प्रकरण इथे संपायचं. पण स्वयंपाकघरात क्लेमेंटीनबाईंचे पाच डबे जमले होते.

परक्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, आणि भरलेला डबा पुरुषमाणसाच्या हाती पाठवायचा नाही, हे सुनंदाबाईंचे दोन नियम होते. रविवारी सकाळी त्यांनी पाचही डब्यांत बेसनाचे लाडू भरले आणि आपण स्वतः येतो म्हणाल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी आडवं पाऊल टाकत, त्या सव्वीस मिनिटांत खाली आल्या.

भुईगावात डबे दिले, चहा झाला. मग एवढे दिवस कुठे जात होता ते तरी बघू दे, असं म्हणून त्या शेजारच्या खोल्यांकडे वळल्या. उंबरा जेमतेम बोटभर. त्या कुणाचा हात न धरता आत गेल्या. या खोलीतून त्या खोलीत गेल्या, परत आल्या. मागचं दार उघडून बाहेर पडल्या, वाडीत जरा फिरल्या आणि पुन्हा आत आल्या. आठ महिन्यांत त्या घराबाहेर जाऊन, कुणाला न सांगता, अशा नुसत्याच परत आल्या नव्हत्या. आत्माराम दारात उभे राहून बघत होते. 

"हे घर चांगलं आहे," सुनंदाबाई मागच्या दारी टेकत म्हणाल्या. "हे का सोडलंत?"

आत्मारामांनी तिथेच घर परत मिळवायचं ठरवलं. बायकोला घेऊन पुन्हा आलेला संकेत बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन नेट कसं चालतं ते बघत होता. आत्माराम त्याच्याजवळ गेले. इथे डास फार आहेत, म्हणाले. संकेत हसला. विहिरीचं पाणी जड आहे, म्हणाले. संकेत आणखी हसला.

"काका, आता भाव नका वाढवू. पैसे दिलेत मी."

आदल्या दिवशी घर एवढं छान विकलं होतं, की आता त्यांचाच शब्द त्यांना खोडता येईना.

इतक्यात संकेतच्या कंपनीतून फोन आला. साहेब परदेशातला, रविवारीही काम. संकेत गंभीर चेहऱ्याने बोलू लागला, आणि बाजूच्या भिंतीपलीकडे ट्रंपेट वाजली. मग सॅक्सोफोन. मग ढोल असा वाजला, की लॅपटॉप मांडीवरून चालत गुडघ्यापर्यंत आला. पास्कलचं घर भिंतीला भिंत लागून होतं, आणि दुपारच्या लग्नाची तालीम सुरू झाली होती.

"हे रोज असतं?" फोन ठेवून संकेतने विचारलं.

वसुली खात्यात कधी बोलले नव्हते एवढं खरं आत्माराम त्या दिवशी बोलले. "रोज नाही. ईस्टरआधीचे चाळीस दिवस आणि नाताळआधीचे चार आठवडे एकदम शांतता."

संकेतने लॅपटॉप मिटला आणि अँथनींकडे डिपॉझिट परत मागितलं.

अँथनींनी पंच्याने तोंड पुसलं. आपल्याकडे रोकड नाही, म्हणाले. पण नवा भाडेकरू आला की त्याचं डिपॉझिट सरळ तुम्हाला. मग ते, संकेत आणि त्याची बायको अशा तिघांनी एकदमच आत्मारामांकडे पाहिलं.

"माझे पन्नास होते," आत्माराम म्हणाले.

"होते साहेब. पण यांना पंच्याहत्तर द्यायचेत, आणि पंचवीस पास्कलला गेले. दारं तुम्हीच लावून घेतली ना? भावही तुम्हीच बोललात. मला तर लाज वाटत होती."

आत्मारामांनी फोन काढला. पन्नास होते ते पाठवले. उरलेल्या पंचवीससाठी मुदत ठेव मोडावी लागणार होती, पण रविवारी बँक बंद. पुण्याच्या मुलीला, उन्नतीला, फोन लावून तिच्याकडून उसने मागवले. ती आधी घाबरली, मग तिने दोनदा विचारलं, की बाबा, म्हणजे तुम्ही पैसे आणायला गेला होतात ना? त्यांनी नेट नीट येत नाही असं सांगितलं. संकेतचे पैसे संकेतला पोचले, आणि तो इतक्या घाईने गेला, की चार्जर राहिला.

आत्माराम खोलीच्या मधोमध उभे राहिले. बसायला काही नव्हतं. पलीकडे ढोल चुकत होता; त्यांनी दोनदा मनातल्या मनात दुरुस्त केला. मग जमेल तेवढा खर्ज लावून ते म्हणाले, "अँथनीभाऊ, आता हे पंच्याहत्तर परत कधी?"

"घर सोडाल तेव्हा, साहेब."

आतून, कुठे काय ठेवायचं ते भिंतीवर खडूने लिहीत असलेल्या सुनंदाबाई म्हणाल्या, "मग गेले म्हणून समजा."