अचाटवीर दूध पितो!

"माझ्या गोष्टीत कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही!" भिंगरीच्या आईने लॅपटॉप उघडत जाहीर केलं.

गोष्ट होती अचाटवीराची. जुन्या चित्रकथांमधला, लाल झगेवाला, आजोबांच्या पिढीचा लाडका! त्याची जन्मकथा आजच्या मुलांसाठी नव्याने लिहायचं काम संपादकबाईंनी तिला दिलं होतं. भिंगरी झाल्यापासूनचं हे पहिलंच काम. ते फसलं, तर पुन्हा कोण विचारणार?

पण मूळ गोष्ट वाचूनच ती हादरली. पहिल्या पानावर आईबाप दगावतात, दुसऱ्या पानावर पोरगं रसायनाच्या हौदात पडतं आणि तिथेच त्याला शक्ती मिळते. हौदाला साधा कठडा नाही! पोरावर लक्ष ठेवायला कुणी नाही!

तिने पदर खोचला. आईबापांना जिवंत केलं. हौदावर झाकण टाकलं, वर कुलूपही घातलं!

"मग शक्ती कुठून येणार?" नवऱ्याने डोकावून विचारलं.

"पेलाभर दूध पिऊन, दात घासून, वेळेवर झोपल्यावर!"

"हा वीर आहे की वर्गाचा मॉनिटर?"

"तू गप्प बस रे!"

तिने गोष्ट संपादकबाईंना पाठवली आणि भिंगरीला वाचून दाखवली. आणि काय आश्चर्य! दूध म्हटलं की एरंडेल पाजल्यासारखं तोंड करणाऱ्या भिंगरीने पेला एका दमात रिकामा केला! दात घासले! भरदुपारी आपणहून झोपायला गेली! आईने नवऱ्याकडे गड जिंकल्यासारखं पाहिलं.

तेवढ्यात आतून खडखडाट ऐकू आला. दोघं धावले. गळ्यात टॉवेल बांधून भिंगरी थेट कपाटावर!

"आई, बाजूला हो! मी उडतेय!"

"अगं, उतर खाली!"

"का? दूध प्यायले, दात घासले, झोपले पण!"

रसायनाचा हौद कुणाच्या घरात नसतो. दूध मात्र घरोघरी असतं! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, तोवर भिंगरीने उडी घेतलीसुद्धा, आणि ती बाबाच्या पोटावर उतरली. बाबा कळवळला, भिंगरी म्हणाली, "अजून एकदा!"

आईने फोन लावला. "बाई, छापू नका! त्या पोराला आधी हौदात ढकलते!"

"ढकला हो ढकला!" पलीकडून बाई धापा टाकत होत्या. "मी मगाशीच आमच्या जुळ्यांना वाचून दाखवली. एक पडद्याला लोंबकळतोय, दुसरा फ्रिजवर बसलाय!"

डोळे पुसत तिने आईबापांना पुन्हा मारलं, झाकण काढलं, पोराला ढकललं. गोष्ट वेळेत पोचली. लिहिता लिहिता आई जे पुटपुटत होती, ते भिंगरी मात्र मागून सगळं ऐकत होती.

"बाबा, रसायन म्हणजे काय?"

लेकीच्या चौकसपणावर खूश होऊन तो भला माणूस म्हणाला, "अगं, साबण, शाम्पू, सगळी रसायनंच की!"

पुस्तक झोकात निघालं. मागच्या पानावर लेखिकेची ओळखही आहे: 'एक धाडसी लेखणी!' त्या धाडसी बाई सध्या रोज सकाळी टॉवेल घेऊन शेजारणीच्या दारात उभ्या असतात. घरच्या न्हाणीघराला कुलूप आहे, आणि किल्ली इतकी सुरक्षित ठेवलीय, की त्यांनाच सापडत नाही!