थोरलीची फेरी

लाँड्रीवाल्या बाबांचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि थोरलीला फिरवायचं काम मुलाच्या गळ्यात पडलं.

थोरली म्हणजे घरातलं खेचर. मुलाच्या जन्माआधी दोन वर्षं ती घरात आली, म्हणून ती थोरली आणि तो धाकटा. धाकट्याला एकोणतिसावं लागलं होतं, तरी या क्रमात बदल झाला नव्हता. पंचवीस वर्षं तिनं दारोदार कपड्यांची गाठोडी वाहिली. मग धाकट्यानं हॉटेलांच्या कपड्यांसाठी टेम्पो घेतला, दारोदारची फेरी बंद झाली आणि ती घरी बसली. आता गुडघे आखडले होते. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज तासभर चालली नाही तर एक दिवस बसेल ती उठणारच नाही.

"मी काय करणार? माझा धंदा आहे. शनिवारी तो शेतवाला हिला बघायला येतोय, देऊन टाकू," धाकटा म्हणाला.

"शनिवारपर्यंत तरी फिरव," बाबा म्हणाले. "मागच्या मैदानातच ने हं. रस्त्यानं नको, तिला ना..."

पण धाकटा रस्त्याला लागलासुद्धा होता. जाता जाता चहा होईल, हा त्याचा हिशेब.

चौथ्या घरापाशी थोरली थांबली. दोरी ओढली, मागून ढकललं, गोडीत सांगितलं, शेवटी हात जोडले. थोरली दाराकडे बघत उभी. आतून शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या.

"अगंबाई, थोरली! पुन्हा घरी यायला लागलात का? बरं झालं. थांबा, पडदे देते."

"नाही काकू, मी नुसता..."

पडद्यांचं गाठोडं पाठीवर पडलं आणि थोरली मुकाट्यानं चालू लागली. धाकट्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. तो पुढच्या वळणापर्यंत टिकला. तिथे निवृत्त पोस्टमास्तरांचं दार होतं.

आता घोळ त्याच्या ध्यानात आला. गाठोडं आत जायचं, दुसरं बाहेर यायचं, मगच पुढचं घर, ही तिची पंचवीस वर्षांची शिस्त. त्यानं पडदे खाली उतरवून पुन्हा चढवून पाहिले. थोरलीनं मान वळवून गाठोडं हुंगलं आणि जागची हलली नाही. मागे पाण्याचा टँकर हॉर्न वाजवू लागला होता.

"मास्तर, हे जरा आत ठेवा. आणि काहीही द्या, पण पटकन द्या."

"काहीही म्हणजे?"

"चादर, उशी, काहीही."

मास्तर शिस्तीचे. त्यांनी तीन कोट घडी घालून, मोजून, पावती मागून दिले. तोवर टँकरवाला खाली उतरून मास्तरांच्या ओट्यावर पाणी पीत बसला होता. पुढे मास्तरांचे कोट नर्सबाईंच्या घरात गेले आणि नर्सबाईंचे पांढरे गणवेश खानावळवाल्याकडे. खानावळवाल्यानं मात्र द्यायला काही नाही म्हणून ओला टेबलक्लॉथ दिला. चहा राहूनच गेला.

शेवटी थोरली शाळेच्या फाटकाशी थांबली. धाकट्यानं टेबलक्लॉथ उतरवून खांद्यावर घेतला. तिला त्यात रस नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती. तिनं नाकानं त्याच्या पाठीत एक ढोसणी दिली, फाटकाच्या दिशेनं.

तेव्हा त्याला आठवलं. फेरीतलं शेवटचं गाठोडं तोच असायचा. कपड्यांच्या ढिगावर बसून यायचा, बाबा इथे उतरवायचे आणि तो आत जाईपर्यंत थोरली हलायची नाही. शेतवाल्याला त्यानं हिचे दात, खूर, वय सगळं सांगितलं होतं. हे सांगायचं राहिलं होतं.

टेबलक्लॉथसकट तो फाटकातून आत गेला.

"ओ, पालकांनी बाहेर थांबायचं," वॉचमन म्हणाला.

"मी पालक नाही. मला सोडायला आलेत."

वॉचमननं बाहेर पाहिलं. थोरलीनं धाकटा आत गेल्याची खात्री केली, वळली आणि एकटीच घराच्या वाटेला लागली.

तो धापा टाकत घरी पोचला तेव्हा ती कोंडा खात होती. बाबा खुर्चीत होते.

"शाळा लवकर सुटली वाटतं," बाबा म्हणाले. "तेच सांगत होतो, रस्त्यानं नेऊ नको."

धाकटा तिच्या गुडघ्याला तेल चोळायला बसला.

"शेतवाल्याला फोन करून नको म्हणून सांगा."

"का रे?"

"तीन घरांचे कपडे भलत्याच घरात पडलेत, खानावळीचा टेबलक्लॉथ आपल्याकडे. ते परत नेऊन द्यायचेत."

"मग टेम्पो आहे की. अर्ध्या तासाचं काम."

धाकट्यानं मान वर केली नाही.

"टेम्पोला घरं कुठे माहीत आहेत?" तो म्हणाला आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळला.